कमानीवरचा पैसा मैदानात आणा

प्रति,
गुडीहत्नूर ते आदिलाबाद रस्त्याच्या कडेला व्हेंचर टाकणारे सर्व बिल्डर, भागीदार आणि एजंट मंडळी



तुमच्या पॅम्फ्लेटवर हल्ली 'कल्चरल थीम' असा एक मुद्दा दिसतो. क्लिअर टायटल, बँक लोन, हायवे टच, चाळीस फुटी रस्ते, आणि त्याच दमात कल्चरल थीम. साईटवर जाऊन पाहिलं की थीम अशी असते: कमानीच्या दोन खांबांपाशी मोरपिसांचा टोप घातलेले सिमेंटचे गुसाडी, कंपाउंडच्या भिंतीवर गेरूच्या रंगावर पांढरी वारली माणसं, आणि मधोमध एक कारंजं, जे उद्घाटनाच्या दिवशी उडतं. मी अशाच एका लेआउटमधला प्लॉटधारक आहे. व्हेंचरचं नाव लिहीत नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना ते आपलंच वाटेल, आणि ते बरंच आहे.

माझी तक्रार तुम्ही कलेवर खर्च करत नाही अशी नाही. करता, पण जिथं गिऱ्हाइकाची नजर पडते तिथंच. कमान रजिस्ट्री होईपर्यंत कामाची. प्लॉट संपले की तुम्ही पुढच्या वावराकडे जाता, कमानीचा रंग दोन उन्हाळ्यांत उडतो, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि लगेच मागून धो धो पावसाळा येतो. आम्हाला मात्र तिथं राहायचं असतं. आमची पोरं जिथं खेळणार, म्हातारी माणसं जिथं बसणार, त्या मोकळ्या जागेत एक रुपया पडलेला नसतो. बाभूळ तेवढी फुकटात उगवते.

त्या मोकळ्या जागेबद्दलच आधी बोलू. लेआउट मंजूर करून घेताना एकूण जागेतली किमान दहा टक्के जागा सार्वजनिक वापरासाठी सोडायची आणि बक्षीसपत्र करून पंचायतीच्या नावावर करायची, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पाच एकरांच्या वावरात ही जागा २,४२० गज भरते. एवढ्यात अख्खं गाव मांडी घालून जेवायला बसेल. पण नकाशा आखताना आधी प्लॉट बसवले जातात, मग रस्ते, आणि शेवटी जो तुकडा उरतो त्यावर हिरवा रंग भरला जातो. तो तुकडा हायटेन्शन तारेखालचा असतो, ओढ्याच्या काठचा असतो, नाहीतर असा तिकोनी की त्यातून २०० गजांचा एकही सरळ प्लॉट निघत नाही. आणि ज्यांनी मंजुरीच घेतली नाही, त्यांनी सोडली नाही ती जागा कोणाच्या खिशातून गेली? २०२० च्या एलआरएस (लेआउट नियमितीकरण) योजनेत अशा लेआउटमधल्या प्लॉटधारकाकडून मोकळ्या जागेच्या नावाखाली प्लॉटच्या किमतीच्या १४ टक्के मागितले गेले. जागा विकणाऱ्यानं खाल्ली आणि बिल घेणाऱ्याच्या दारात आलं.

तेव्हा पहिली विनंती साधी आहे. नकाशावर पहिली रेघ मोकळ्या जागेची मारा. वावरात जिथं झाड आहे, विहीर आहे, जिथं माणसं आपोआप थांबतात, तिथं.

इथं जेसीबीचं सांगितलंच पाहिजे. जमिनीचं कन्व्हर्जन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जेसीबी वावरात उतरतो. धुऱ्यावरचा कडुनिंब जातो, विहिरीजवळची चिंच जाते, झाडाखाली शेंदूर फासलेला दगड असतो तोही जातो. त्या दगडाला कोणी पोचम्मा म्हणतं, कोणी मरीमाय. ज्याच्या तोंडी जी भाषा ती. आमच्या लेआउटमध्ये तो दगड ड्रायव्हरनं बकेटमध्ये घेतला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, खाली उतरून हातानं उचलून कंपाउंडच्या कोपऱ्यात ठेवला आणि पाया पडला. त्याला कळलं ते नकाशा काढणाऱ्याला कळलं नव्हतं. पुढे त्याच सपाट केलेल्या जागेवर फायबरचं हरीण आलं, पाय सिमेंटमध्ये पुरलेलं. सार्वजनिक कलेची सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, आधी आहे ते मोडू नका. कडुनिंबाभोवती घडीव दगडाचा पार बांधा. तो कमानीच्या खर्चाच्या एका कोपऱ्यात होईल.

आता भिंतीवरच्या वारलीबद्दल. ती चित्रं फार देखणी आहेत. पण ती डहाणू-तलासरीकडची आहेत, तिथल्या लग्नाच्या चौकातून आलेली. जिव्या सोमा मशे यांनी ती घराच्या भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. गुडीहत्नूरला त्या चित्रांचं काय काम? तुमचा पेंटर ती काढतो कारण स्टेन्सिल मिळतं आणि 'ट्रायबल' म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं. कोणीतरी हे सांगितल्यावर एका व्हेंचरवाल्यांनी वारली पुसून ठिपक्या-रेघांची हरणं काढून घेतली, की घ्या, ही गोंड कला. ती पाटनगढच्या परधान चित्रकारांची शैली, मध्य प्रदेशातली. जनगढसिंह श्याम यांनी ती घडवली. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंती चार्ल्स कोरियांनी त्यांच्या हाती दिल्या, त्याला अर्थ होता: मध्य प्रदेशाच्या विधानसभेत मध्य प्रदेशाचा चित्रकार. त्याची नक्कल आपल्या हायवेवर आणून आपल्या गोंडांचा मान होत नाही. इथले राजगोंड, कोलाम, परधान, थोटी, नायकपोड, आंध शेजारच्याच गावांत राहतात. फोन करून विचारता आलं असतं.

गुसाडीचं प्रकरण याहून गंभीर आहे. दिवाळीच्या तोंडावर गोंडांची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची टोळी, निघते, तिच्यातले गुसाडी अंगाला राख फासून नेमानं राहतात, आणि त्यांच्या डोक्यावरचा मोरपिसांचा टोप ही शोभेची वस्तू नसते. त्याची पूजा होते. एत्मासुर पेन, म्हणजे देव, म्हणून त्याला हात जोडले जातात. मार्लवाईच्या कनक राजूंना याच नाचासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी फलक लावले होते. तो टोप तुम्ही कमानीवर सिमेंटमध्ये ओतून ठेवता, त्यावर कबुतरं बसतात, खाली 'प्लॉट्स फॉर सेल' लिहिलेलं असतं. कोणाला विचारलं होतं? ज्या गावांना १/७० चा कायदा लागू आहे तिथं आदिवासींची जमीन तुम्हाला घेता येत नाही. म्हणून व्हेंचर इंद्रवेल्लीकडे सरकत नाही, हायवेला चिकटून राहतं. जमीन घेता येत नाही आणि देवाचा टोप मात्र फुकट उचलता येतो, हा कुठला न्याय? गावचा पटेल आहे, गोंडांच्या पंचायतीचं राय सेंटर आहे, उटनूरला आदिवासी विकासाचं आयटीडीए आहे. काय वापरावं, काय वापरू नये, हे ते सांगतील. कदाचित टोप नको, ढोल चालेल म्हणतील. कदाचित काहीच नको म्हणतील. तेही ऐकून घ्यायची तयारी असू द्या.

'मग करायचं काय?' असं तुम्ही म्हणाल. आपल्या आसपास काय आहे ते पाहा. जैनूर मंडलातल्या उशेगावला वोज कारागीर पितळेचं ओतकाम करतात. आदिलाबाद डोकरा म्हणून त्याला २०१८ साली जीआय मिळालं. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाची बारीक दोरी बोटांनी वळून गुंडाळायची, तिच्यातच डोळे, दागिने, नक्षी काढायची, वर पुन्हा मातीचे लेप चढवायचे आणि भट्टीत घालायचं. मेण वितळून वाट मोकळी होते आणि त्या वाटेनं पितळ आत जातं. मग साचा फोडायचा. साचा फुटला की तीच वस्तू पुन्हा होत नाही. दुसरी होते, तिची बहीण. हे काम पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते: ते हातात मावेल एवढं आहे. घंटा, दिवा, मोर, देव, नाचणारी माणसं. तुम्ही जाऊन आठ फुटी पुतळा मागितलात तर कारागीर नाही म्हणणार नाही, पोटाचा प्रश्न आहे, पण जोड लावलेलं, बेढब काहीतरी तुमच्या गळ्यात पडेल आणि नाव डोकऱ्याचं खराब होईल. त्याऐवजी लहान वस्तू मागा आणि त्या हात लागेल तिथं बसवा. पाराच्या दगडात पितळेची मुंगूस-खार बसवा, बाकाच्या पाठीत मोर, मैदानाच्या फाटकाला घंटा, घरांच्या नंबरपट्ट्या. पोरं हात लावून लावून ते पितळ चकचकीत ठेवतील. फायबरच्या हरणाला असला फायदा नाही.

इचोड्याच्या पलीकडे सिरिकोंड्याचे कुंभार आहेत. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी मेस्राम या गोंड कुळाची मडकी तिथंच घडतात. त्यांच्या चाकावर तुमच्या मैदानाचे रांजण होतील, भिंतीत बसवायच्या भाजलेल्या फरशा होतील, पाणवठा होईल. निर्मलची लाकडी खेळणी मात्र उघड्यावर मांडू नका. पोनिकीचं हलकं लाकूड ते, पावसाळ्यात टिकणार नाही. ती अंगणवाडीत द्या.

आणि गावच्या माणसांना यातलं काय कळतं, ही भाषा सोडा. केस्लापूरचं नागोबाचं नवं दगडी मंदिर मेस्राम घराण्यांनी आपसांत वर्गणी काढून उभं केलं, २०२२ च्या डिसेंबरात त्याची प्रतिष्ठापना झाली. इंद्रवेल्लीचा स्तूप पाहा. २० एप्रिल १९८१ च्या पोलीस गोळीबारात गेलेल्या आदिवासींसाठी तो उभा आहे, दरवर्षी त्या तारखेला तिथं माणसं जमतात. ही जागा कोणाची, हे सांगायला तिथं पाटी लागत नाही.

मोबदल्याचं वेगळं लिहितो, कारण इथंच गोम असते. पितळेचा किलोवर भाव लावून मजुरी त्यातच कोंबू नका. धातूचे पैसे वेगळे, हाताचे वेगळे, आणि निम्मी रक्कम आगाऊ. काम पावसाळ्याआधी सांगा, पावसात साचे वाळत नाहीत. मधला ठेकेदार गाळा. आणि ज्या दगडावर तुमच्या भागीदारांची, मंत्रिमहोदयांची आणि सरपंचांची नावं कोरता, त्याच दगडावर, त्याच आकारात, घडवणाऱ्याचं नाव आणि गाव कोरा.

आता मैदानाच्या मधोमध काय ठेवायचं? काही नाही. हे मी गमतीनं म्हणत नाही. आपल्या भागात वर्षभरात काय काय होतं ते मोजून पाहा. अश्विनाच्या तोंडावर बायका बतुकम्मा मांडून भोवती फेर धरतात. दंडारीचा नाच फेरानं चालतो. पोळ्याला बैल तोरणाखाली आखरावर उभे राहतात. मराठी घरांतून सप्ताह बसतो, दिंडी रिंगण धरते. १४ एप्रिलला मिरवणूक येऊन थांबते आणि सभा होते. या सगळ्यांना एकच गोष्ट लागते, मधली रिकामी जागा. तुम्ही नेमकी तीच कारंज्यानं, नाहीतर पुतळ्यानं, नाहीतर हिरव्या प्लास्टिकच्या गालिच्यानं भरून टाकता. एकदा कारंज्याचं टाकं बांधलं की बतुकम्मा रस्त्यावर जाते आणि मोटारसायकलवाले हॉर्न मारत बसतात. तेव्हा कला कडेला न्या. कट्टे, पार, पाणवठा, फाटक, भिंत यांत ती मुरवा. मधली जमीन चोपून सपाट करा, मुरूम टाका, पाण्याचा एक नळ द्या, चार दिवे द्या आणि तिथून बाजूला व्हा.

नावांचंही असंच. 'ग्रीन व्हॅली', 'पाम मेडोज'. आपल्याकडे व्हॅली नाही आणि पाम म्हणाल तर शिंदी-ताडाला तुम्ही ठेवलं नाही. प्रत्येक वावराला आधीच नाव असतं. चिंचेचं वावर, विहिरीचं, खाऱ्याचं, टेकाडावरचं. ज्याच्याकडून जमीन घेतलीत त्या माणसाला विचारा, तो सगळी सांगेल, बहुधा डोळ्यांत पाणी आणून सांगेल. गल्ल्यांना ती नावं द्या. पाट्या तेलुगूत लिहा, मराठीत लिहा, उर्दूत लिहा आणि गोंडीतही लिहा. गोंडीला लिपी कुठं आहे, असं विचारायचे दिवस संपले. आपल्याच जिल्ह्यात नारनूर मंडलातल्या गुंजाळ्याला जुन्या पोथ्या मिळाल्या, त्या लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, फॉन्ट फुकट आहे. तुमच्या डिझायनरला डाउनलोड करायला दहा मिनिटं लागतील.

खर्च परवडत नाही, हे मला पटत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियानं १९५९ सालीच ठरवलं की शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाकडून जमीन घेणाऱ्या बिल्डरनं बांधकामाच्या खर्चातला किमान एक टक्का कलेवर लावायचा. फ्रान्सनं त्याच्याही आधी, १९५१ साली, शाळांच्या बांधकामापासून एक टक्क्याची सुरुवात केली होती. ते बिल्डर काही बुडाले नाहीत. तुमच्यावर असली सक्ती आणा, असं मी म्हणत नाही. सक्तीचा एक टक्का पुन्हा कमानीवरच जाईल. एवढंच म्हणतो की कमान, फायबर, एलईडीचं नाव आणि उद्घाटनाचा मंडप यांवर जे लावता, त्यातलं निम्मं मैदानात आणा. एक रुपया जास्तीचा नको.

मात्र पॅम्फ्लेटवर जे छापाल ते करा. पार्क, कल्चरल कोर्ट, ओपन थिएटर अशी चित्रं छापून आमच्याकडून टोकन घेता. २०१६ च्या रेरा कायद्याचं बारावं कलम नेमकं याच्यासाठी आहे: जाहिरातीतल्या खोट्या दाव्यावर विसंबून पैसे भरलेल्या माणसाला भरपाई मागता येते, पैसे व्याजासह परतही मागता येतात. आम्ही अजून कोणी गेलो नाही, कारण आपल्याकडे जो तो ओळखीचा. एजंट बहुतेक वेळा भाऊबंदांतलाच असतो, आणि भावकीविरुद्ध कोर्टाची पायरी चढायची म्हणजे लग्नकार्याला तोंड कसं दाखवायचं. त्या भिडेचा तुम्ही फार फायदा घेतला.

देखभालीबद्दल दोनच शब्द. जागा पंचायतीची झाली की पंचायत बघेल, असं म्हणून हात झटकू नका. शेवटचा प्लॉट विकेपर्यंत तरी झाडांना पाणी तुमच्या टँकरचं असू द्या, आणि बक्षीसपत्राची नक्कल प्रत्येक प्लॉटधारकाला द्या. ती हातात असली की पुढे त्या जागेवर कोणाचं गोडाऊन उभं राहू लागलं तर आम्ही भांडू शकतो.

पुढच्या व्हेंचरचं पॅम्फ्लेट काढाल तेव्हा त्यावर मोकळ्या जागेचं माप गजांत छापा, राखलेल्या झाडांची संख्या छापा आणि काम करणाऱ्या कारागिरांची नावं छापा. साईट दाखवायला एसी गाडी पाठवायची गरज पडणार नाही. आम्ही आमच्या ऑटोनं येऊ, बायकापोरांना घेऊन येऊ, आणि आधी मैदान बघू.



आपला,
गुडीहत्नूरचा एक प्लॉटधारक

ता. क. पितळ चोरीला जातं, ही तुमची पहिली हरकत असणार. जातं, खरं आहे. उपाय असा की वस्तूच्या पाठीमागे कडी ओतून घ्यायची आणि बांधकाम चालू असतानाच ती दगडात पुरायची. पण हे कारागिराला मेण गुंडाळण्याआधी सांगावं लागतं. म्हणून उशेगावला जाताना गवंड्याला सोबत न्या. ठेकेदाराला नका नेऊ.